क्ष कुठल्या बाजूचा?

‘असमानता’ या विषयावर लेख देतो, असे मी वार्षिकाच्या संपादक-मंडळाला सांगितले तेव्हा सर्वांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा थकवा उमटला. “अरे, या विषयावर आधीच तीन लेख येऊन पडलेत,” एक जण म्हणाला, “एक ग्रामीण भागातला, एक स्त्रियांचा आणि एक शिक्षणातला. तुझा कुठला?” मी म्हटले, “बीजगणितातला.” त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली, तिचे वर्णन करण्याची माझी प्राज्ञा नाही. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात बीजगणित म्हणजे लग्नाच्या पंगतीत कारल्याची भाजी. कोणी नको म्हणत नाही, पण ती पानात शेवटपर्यंत जिथल्या तिथे राहते. तरीही मी ती वाढणार आहे. एक तर या विषयात माझा एक गुण गेला आहे, आणि दुसरे म्हणजे तो जाण्याला मी जेवढा जबाबदार आहे तेवढीच आपली शिकण्या-शिकवण्याची एक सवयही जबाबदार आहे, असे माझे मत आहे.

गोष्ट अशी. मागच्या वर्षी मी एका शिष्यवृत्तीच्या चाळणी परीक्षेला बसलो होतो. शंभर प्रश्न, प्रत्येकाला एक गुण, प्रत्येकाखाली चार पर्याय. त्यात एक प्रश्न होता : १/क्ष ही संख्या १/२ पेक्षा लहान असेल, तर क्ष विषयी काय म्हणता येईल? पर्याय असे : क्ष दोनपेक्षा मोठा आहे, क्ष दोनपेक्षा लहान आहे, क्ष दोनपेक्षा मोठा किंवा शून्यापेक्षा लहान आहे, निश्चित सांगता येत नाही. मला हसू आले. एवढा सोपा प्रश्न, म्हणजे पेपर काढणाऱ्याला शेवटी दया आली असावी. तिरकस गुणाकार केला, २ < क्ष असे मिळाले, पहिल्या पर्यायाचा गोल काळा केला आणि पुढे गेलो. दहा सेकंदसुद्धा लागले नसतील.

बाहेर चहाच्या टपरीवर उत्तरे जुळवणे सुरू झाले. वाणिज्य शाखेचा एक मुलगा, ज्याची माझी ओळखही नव्हती, माझे उत्तर ऐकून म्हणाला, “क्ष उणे एक धरून बघ की.” धरले. एकाला उणे एकने भागले की उणे एक. आणि उणे एक अर्ध्यापेक्षा लहान आहे, हे सांगायला काही चाळणी परीक्षा नको. मग उणे दोन धरले, उणे शंभर धरले. सगळे अटीत बसतात! शून्याच्या डावीकडची अख्खी संख्यारेषा मी एका काळ्या गोलाखाली गाडून टाकली होती. निकाल लागला तेव्हा यादीत माझे नाव नव्हते. एक गुण कमी पडला होता. तो गुण याच प्रश्नाचा, असे म्हणता येत नाही, कारण चुकलेले प्रश्न इतरही होते. पण मनुष्याचे मन असे आहे की गेलेला गुण ते कुठे तरी चिकटवतेच. मी तो क्ष ला चिकटवला.

मग मी विचार करू लागलो की हे असे का झाले. मला नियम माहीत नव्हता काय? चांगला पाठ होता! ‘ऋण संख्येने गुणले किंवा भागले की असमानतेचे चिन्ह उलटते’ हे वाक्य शाळेत आम्ही पाढ्यासारखे घोकले आहे. उणे तीनने गुणायचे असले की आम्ही बरोबर चिन्ह उलटत असू. उणे तीनच्या कपाळावर वजाचा टिळा दिसतोच ना! अडचण क्ष ची आहे. त्याच्या कपाळावर काहीही लिहिलेले नसते. आणि ज्याच्या कपाळावर काही नाही तो आपल्यातलाच, म्हणजे धनच, असे आपण न बोलता, न ठरवता गृहीत धरतो. याच समजुतीचे दुसरे टोक असे की ‘−क्ष’ दिसला की तो ऋणच असणार, असे वाटते. क्ष ची किंमत उणे पाच असेल तर −क्ष म्हणजे चांगला खणखणीत पाच असतो, हे सांगितल्यावर माझ्या वर्गातल्या दोन हुशार मित्रांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. मी जादूचा प्रयोग करतो आहे असे त्यांना वाटले असावे. वजाचे चिन्ह म्हणजे ऋणपणाचा दाखला नव्हे, ‘बाजू उलटा’ एवढाच तो हुकूम आहे. मुळात बाजू कोणती होती ते चिन्ह सांगत नाही.

या दृष्टीने आपल्या जुन्या गणितज्ञांनी अव्यक्ताला दिलेले नाव मला फार आवडते : यावत्-तावत्. जेवढे असेल तेवढे. केवढे प्रामाणिक नाव आहे! पुढची अव्यक्ते आली की त्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत, पण पहिले ‘जेवढे असेल तेवढे’. क्ष या अक्षराला तसा काही अर्थ नाही, म्हणून आपण त्याला आपल्या सोयीचा अर्थ देऊन मोकळे होतो.

धन आणि ऋण हे शब्दही तसे बोलके आहेत. आपण ते इतके वापरले की त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येईनासा झाला. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम दिले. ऋण गुणिले ऋण बरोबर धन हा नियमही त्यातच आहे. धन म्हणजे जवळचा पैसा, ऋण म्हणजे कर्ज. चिन्ह का उलटते, हे एवढ्या दोन शब्दांत सांगता येते, आणि मला ते शाळेत कोणी सांगितले नाही याचे आजही वाईट वाटते. एकाच्या गाठीला तीन रुपये आहेत, दुसऱ्याच्या गाठीला पाच. दुसरा वरचढ. आता गाठीचे पैसे पुसा आणि तेच आकडे किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत लिहा. तीनची उधारी असलेला आता बरा, पाचवाला खाली गेला. आकडे तेच, माणसे तीच, क्रम मात्र उलटला. उणे एकने गुणणे म्हणजे जमेच्या पानावरून उधारीच्या पानावर जाणे. संख्यारेषेवर बोलायचे तर शून्यापाशी आरसा धरणे. आरशात उजव्याचे डावे होते, त्यात नियम पाठ करण्यासारखे काय आहे?

आता मुख्य मुद्दा. समीकरण सोडवताना आपल्याला ही चिंता कधी करावी लागत नाही. बरोबरीच्या दोन्ही बाजूंना धनाने गुणा, ऋणाने गुणा, बरोबरी बरोबरीच राहते. फक्त शून्याने भागू नये एवढे एकच पथ्य. वर्षानुवर्षे समीकरणे सोडवून हाताला तेच वळण लागते. इकडचे तिकडे, खालचे वर, तिरकस गुणाकार, झाले उत्तर. मग केव्हा तरी असमानतेचा पाठ येतो, आणि तो पाठ समीकरणाचा धाकटा भाऊ असल्यासारखा उरकला जातो. बरोबरच्या जागी लहान-मोठ्याचे चिन्ह, बाकी कृती तीच! प्रत्यक्षात ही दोन घराणीच वेगळी आहेत. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली छापले. लहान-मोठ्याची चिन्हे छापलेली दिसली ती थॉमस हॅरियटच्या ग्रंथात, १६३१ साली, आणि तेव्हा हॅरियटला जाऊन दहा वर्षे झाली होती. दोहोंमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचे अंतर आहे. तेवढे नाही, पण चौऱ्याहत्तर मिनिटांचे तरी अंतर आपल्या शिकवण्यात ठेवावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

समीकरणाच्या सवयीने असमानता सोडवली की दोन तऱ्हांनी फसगत होते. पहिली तऱ्हा माझी. क्ष × क्ष हे ५ × क्ष पेक्षा मोठे आहे असे दिले, की दोन्हीकडचा एकेक क्ष कापून आपण ‘क्ष पाचपेक्षा मोठा’ असे लिहितो. पण उणे एक घ्या. एका बाजूला एक येतो, दुसऱ्या बाजूला उणे पाच. अट पाळली गेली, तरी उणे एक आपल्या उत्तरात नाही. दुसरी तऱ्हा याच्या उलट आहे. (क्ष + ३) ला (क्ष − १) ने भागले असता भागाकार २ किंवा २ पेक्षा मोठा येतो, तर क्ष कोणता? छेद पलीकडे नेला : क्ष + ३ हे २क्ष − २ इतके किंवा त्याहून मोठे, म्हणून क्ष पाच किंवा पाचपेक्षा लहान. छान. आता क्ष शून्य धरा. तीनला उणे एकने भागले की उणे तीन. उणे तीन हे दोनपेक्षा मोठे कधीपासून झाले? पहिल्या चुकीत खरे हक्कदार यादीबाहेर राहिले. दुसऱ्या चुकीत ज्यांचा काही संबंध नाही ते यादीत घुसले. यादीबाहेर राहण्याचे दुःख मला ठाऊक आहे, म्हणून ही उपमा सुचली.

मग करायचे काय? माझ्या मते सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे गुणायचेच नाही. छेद पलीकडे न नेता सगळे एका बाजूला आणावे, दुसऱ्या बाजूला शून्य ठेवावे. वरच्या उदाहरणात भागाकारातून दोन वजा केले की अंशात ५ − क्ष उरते आणि छेदात क्ष − १ तसाच राहतो. आता प्रश्न एवढाच की हा अपूर्णांक शून्य किंवा धन केव्हा? अंश पाचपाशी बाजू बदलतो, छेद एकपाशी. संख्यारेषेवर एक आणि पाच अशा दोन खुंट्या ठोका. एकच्या डावीकडे अंश धन आणि छेद ऋण, म्हणजे अपूर्णांक ऋण, ते नको. एक आणि पाचच्या मध्ये दोन्ही धन, हे हवे. पाचच्या पलीकडे अंश ऋण झाला, तेही नको. खुद्द पाचवर शून्य मिळते, ते चालते. खुद्द एकवर छेदच शून्य होतो, ते चालत नाही. म्हणून क्ष एकपेक्षा मोठा आणि पाच किंवा पाचपेक्षा लहान. यात पाठ करण्यासारखे काही नाही. शेताच्या बांधावर उभे राहून इकडे कोणाचे आणि तिकडे कोणाचे, एवढे विचारायचे आहे.

दुसरा मार्ग थोडा चलाखीचा आहे, पण मला त्याची गंमत वाटते. क्ष चे चिन्ह ठाऊक नसले तरी क्ष च्या वर्गाचे चिन्ह ठाऊक असते. क्ष शून्य नसेल तर तो धनच. तेव्हा गुणायचेच असेल तर क्ष ने न गुणता त्याच्या वर्गाने गुणावे. माझ्या त्या दुर्दैवी प्रश्नात १/क्ष < १/२ च्या दोन्ही बाजूंना क्ष च्या वर्गाच्या दुपटीने गुणले असते, तर डावीकडे २क्ष आणि उजवीकडे क्ष चा वर्ग आला असता. म्हणजे क्ष × (क्ष − २) हा गुणाकार शून्यापेक्षा मोठा. दोन संख्यांचा गुणाकार धन असतो तो दोन्ही धन असतील तर, नाही तर दोन्ही ऋण असतील तर. दोन्ही धन म्हणजे क्ष दोनपेक्षा मोठा. दोन्ही ऋण म्हणजे क्ष शून्यापेक्षा लहान. तिसरा पर्याय! अर्ध्या मिनिटाचे काम होते.

तिसरा मार्ग म्हणजे घरे पाडणे : क्ष धन असेल तर असे, ऋण असेल तर तसे, आणि मग दोन्ही उत्तरे एकत्र करणे. लांबचा आहे, पण चिन्ह कळत नाही हे कागदावर कबूल करणारा हाच एक मार्ग आहे, म्हणून शिकणाऱ्याने आधी याच वाटेने जावे असे मला वाटते. कधी कधी तर दोन घरांत दोन अगदी वेगळी उत्तरे सापडतात. कोणतीही संख्या आणि तिचा गुणाकार व्यस्त यांची बेरीज दोनपेक्षा कमी नसते, असे एक जण मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असे. सिद्धताही देई : क्ष − १ चा वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून क्ष चा वर्ग अधिक एक हे २क्ष पेक्षा कमी नाही, आता क्ष ने भागा. भागताना त्याने क्ष ला ‘तू कोण?’ असे विचारले नव्हते. क्ष धन असेल तर त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे. ऋण असेल तर ती बेरीज उणे दोनच्या वर कधीच येत नाही. उणे तीन आणि उणे एक-तृतीयांश यांची बेरीज करून पाहावी.

इथे भास्कराचार्यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचे एक उदाहरण आहे. कळपाचा पाचवा भाग घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे, उरतील त्यांचा वर्ग केला की तेवढी माकडे गुहेत गेली. एक माकड फांदीवर दिसते आहे. तर कळप केवढा? समीकरण मांडले की दोन उत्तरे निघतात : पन्नास आणि पाच. पन्नासचा पाचवा भाग दहा, उणे तीन सात, सातचा वर्ग एकोणपन्नास, आणि फांदीवरचे एक, मिळून पन्नास. जुळले. पाचचा पाचवा भाग एक, उणे तीन म्हणजे उणे दोन, त्याचा वर्ग चार, आणि एक मिळून पाच. तेही जुळले! तरीही भास्कराचार्य दुसरे उत्तर घ्यायचे नाही म्हणतात, कारण एकातून तीन वजा केल्यावर जे ऋण उरते ते लोकांना पटणारे नाही. वर्ग केला की चिन्ह पुसले जाते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून उत्तर हाती आल्यावर ते मागे वळले आणि वर्ग होण्यापूर्वी ती संख्या कोणत्या बाजूची होती, हे त्यांनी तपासले. प्रश्न समीकरणाचा होता, तरी तपासणी मात्र असमानतेची होती. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. आपल्याकडे सहली नेहमी समुद्राकडे जातात. एखादी तिकडेही जायला हरकत नाही.

आता आक्षेपाकडे वळतो. आमच्या एका वयोवृद्ध हितचिंतकांना मी हे सगळे ऐकवले तेव्हा ते म्हणाले, “बाबा रे, तू अर्थशास्त्राचा विद्यार्थी. तुमच्या किमती, तुमची परिमाणे, सगळी धनच असतात. तुला हे उणे क्ष घेऊन काय करायचे?” हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे, आणि ‘कला शाखेला एवढे पुरे’ असा त्याचा अर्थ असतो. त्यांच्या वयाचा मान राखून मी तेव्हा गप्प बसलो. इथे बसण्याचे कारण नाही.

पहिली गोष्ट मागणीच्या लवचिकतेची. मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथाने रूढ केलेली ही संकल्पना आपण पहिल्याच वर्षी शिकतो. किंमत दहा टक्क्यांनी वाढली आणि मागणी वीस टक्क्यांनी घटली, तर लवचिकता उणे दोन. दुसऱ्या वस्तूची मागणी पाचच टक्क्यांनी घटली, तर उणे अर्धा. कोणती वस्तू जास्त लवचिक? पुस्तक म्हणते पहिली. संख्यारेषा म्हणते, उणे दोन हे उणे अर्ध्यापेक्षा लहान! पुस्तकाने मधल्या मध्ये वजाचे चिन्ह सोडून देऊन केवल मूल्य घेतलेले असते. कधी ते सांगते, कधी सांगत नाही. मी एका चाचणीत चिन्हासकट तुलना करून दुसरी वस्तू जास्त लवचिक असे लिहून आलो होतो, आणि आपले काय चुकले हे मला वर्षभर कळले नव्हते. चिन्ह टाकून देणे हा गुन्हा नाही. न सांगता टाकून देणे हा मात्र शिकणाऱ्यावर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट खुद्द किमतीची. २० एप्रिल २०२० या दिवशी अमेरिकेत खनिज तेलाच्या मे महिन्याच्या वायदेसौद्याचा भाव बॅरलला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. महामारीमुळे जगाची चाके थांबली होती, तेलाला गिऱ्हाईक नव्हते, आणि ओक्लाहोमातल्या कुशिंग येथे, जिथे त्या सौद्याचे तेल ताब्यात घ्यावे लागते, तिथल्या टाक्यांत जागा मिळेनाशी झाली होती. ज्यांच्या गळ्यात तेल पडणार होते ते ‘घेऊन जा आणि वर पैसेही घ्या’ म्हणू लागले. हे काही दूरच्या देशातच घडले असे नाही. मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजमध्येही त्या महिन्याच्या सौद्यांचा हिशेब बॅरलला उणे २,८८४ रुपये या भावाने झाला. टाळेबंदीमुळे इथला बाजार त्या काळात संध्याकाळी पाचलाच बंद होत असे, आणि भाव कोसळला तो आपल्या रात्री. भाव फार तर शून्यापर्यंत जाईल, त्याखाली नाही, या भरवशावर ज्यांनी खरेदी करून ठेवली होती, त्यांचा तोटा घातलेल्या पैशापुरता राहिला नाही. शिकागोच्या बाजाराने तर त्याच आठवड्यात तेलाच्या पर्यायी सौद्यांची किंमत काढण्याचे सूत्रच बदलले, कारण जुने सूत्र भावाचे लॉगरिथम घेई, आणि ऋण संख्येचे लॉगरिथम ते कुठून आणणार! सूत्र लिहिणारेही माझ्यासारखेच. कपाळावर टिळा नाही, म्हणजे धनच.

व्याजाच्या दराचेही तेच. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने जून २०१४ मध्ये आपल्याकडे ठेवी ठेवणाऱ्या बँकांसाठीचा दर उणे ०.१० टक्के केला, जपानच्या मध्यवर्ती बँकेनेही जानेवारी २०१६ मध्ये ऋण दराची घोषणा केली. तो काळ आता मागे पडला, पण ‘दर हा धनच असतो’ हे वाक्य काही त्यानंतर पुन्हा खरे झाले नाही. आणि नफा, शिल्लक, वाढीचा वेग, किमतीतील बदल, यांना तर कोणी कधी धन राहण्याची सक्ती केलीच नव्हती.

मला आणखी एक तक्रार नोंदवायची आहे, ती चौथ्या पर्यायाविषयी. ‘निश्चित सांगता येत नाही’ हा पर्याय आपल्याकडे पोकळ जागा भरण्यासाठी असतो, असा विद्यार्थ्यांचा पक्का समज आहे. अ हा ब पेक्षा मोठा असेल तर अ आणि क चा गुणाकार ब आणि क च्या गुणाकारापेक्षा मोठा असेल काय? याचे पूर्ण, बिनचूक आणि सन्मान्य उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच आहे, कारण क विषयी आपल्याला काहीही सांगितलेले नाही. तसेच, अ हा ब पेक्षा मोठा असेल तर अ चा वर्गही मोठा असेल काय? दोन हे उणे पाचपेक्षा मोठे आहे, पण चार पंचविसापेक्षा मोठे नाही. म्हणजे इथेही तेच उत्तर. परंतु वर्गात कोणी उभे राहून ‘सांगता येत नाही’ म्हटले, की सगळे हसतात आणि त्याला अभ्यास नाही असे ठरते. त्याने दोन घरे पाडून दोन्हीकडचे उदाहरण दिले असेल, तर त्याच्याइतका अभ्यास वर्गात दुसऱ्या कोणाचा नसतो. परीक्षेत उत्तराच्या आधी ‘क्ष धन असताना’ आणि ‘क्ष ऋण असताना’ एवढे दोन मथळे लिहिणाऱ्याला, पुढे हिशेब चुकला तरी, अर्धे गुण द्यावेत, असे मी सुचवतो. माझ्या सूचनेला कोण विचारतो, हा भाग वेगळा.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. मामेबहीण दहावीला आहे. फराळाच्या ताटाशेजारी वही घेऊन बसली होती, तिला मी मुद्दाम १/क्ष < १/२ हे उदाहरण घातले. सूड म्हणा हवे तर. तिने पेन्सिल उचलली, तिरकस रेघ मारायला हात पुढे गेला, आणि मधेच थांबला.

“दादा, हा क्ष कुठल्या बाजूचा आहे?”

“ते दिलेले नाही,” मी म्हटले.

“मग मी गुणू कशी?”

मी काही बोललो नाही. तिने पानाच्या मधोमध उभी रेघ ओढली, एकीकडे ‘धन’ आणि दुसरीकडे ‘ऋण’ असे लिहिले, आणि ऋणाच्या बाजूला जागा कमी पडते म्हणून चकलीचे ताट जरा पलीकडे सरकवले.